ढगांना हाकलणारा पंखा

साक्री तालुक्यात छडवेल, निजामपूर, ब्राह्मणवेल या बाजूला गेलात तर डोंगरमाथ्यावर ओळीने पवनचक्क्या दिसतात. त्या उभ्या राहिल्या तेव्हापासून एक बोलणं गावोगाव फिरत आलं आहे: हे पंखे ढग हाकलतात, म्हणून आपल्याकडे पाऊस नाही. धुळ्यातच नव्हे, साताऱ्या-सांगलीकडेही लोक असंच म्हणत. पारावर बसलेल्या माणसाला दोष देता येत नाही. चक्क्या डोळ्यांना दिसत होत्या आणि पाऊस दिसत नव्हता.

मी विज्ञानाचा मास्तर. माझी चित्रकला फळ्यावर बीकर काढण्यापुरती. ऊर्जेचा धडा शिकवताना मुलांना सांगितलं, पवनचक्कीवर व्यंगचित्र काढा. सातवीतल्या एका मुलाने काढलेलं चित्र अजून माझ्याकडे आहे. डोंगरावर टेबलफॅनसारखी पवनचक्की, खाली हेल्मेट घातलेला माणूस बटण दाबतो आहे, आणि वर एक ढग डोक्यावर गाठोडं घेऊन पळत सुटला आहे. ढगाच्या तोंडी अहिराणी: ‘मी जास भो!’ वर्ग खो खो हसला. मीही हसलो. मग पंख्याच्या बुडातून निघालेल्या वायरीवर बोट ठेवून मी विचारलं, ‘हिचा प्लग कुठे लावलाय?’

पोराने बराच वेळ चित्राकडे पाहिलं. घरातल्या पंख्याला वीज लागते, पवनचक्की तर वीज देते. म्हणजे वायर तीच, पण वीज उलटीकडे वाहायला हवी. मग वारा कोण कोणाला देतंय? पंखा वारा देतो. चक्की वाऱ्याने फिरते आणि त्याचा थोडा जोर काढून घेते. शिवाय पाऊस देणारे ढग चक्कीच्या कितीतरी वर. हे सगळं पुस्तकात होतं, मी दोनदा शिकवलंही होतं, आणि कोणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं. एका चुकीच्या वायरीने ते शिरलं. त्याने दुसरं चित्र काढलं, त्यात चक्कीची वायर खाली घरातल्या दिव्यापर्यंत गेली होती आणि ढग चक्कीच्या खूप वर पाय पसरून झोपला होता. चित्र पहिल्याइतकं विनोदी झालं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून बसलो आहे. व्यंगचित्र म्हणजे मुद्दाम केलेली चूक, आणि मुद्दाम चूक करायची तर बरोबर काय ते आधी ठाऊक लागतं. उंटाची मान हवी तेवढी लांब करा, पण उंटाला मदार असते हे ज्याला माहीत नाही त्याचा उंट घोडाच होतो. निबंधात मूल गोल गोल लिहून सुटतं. चित्रात सुटका नाही. वायर कुठे लावायची, पाणी कुठून कुठे न्यायचं, हे ठरवल्याशिवाय पेन पुढे सरकत नाही.

यात माझा शोध काहीच नाही. मराठी माणसाला ही गंमत दिवाळी अंकांनीच शिकवली. शि. द. फडणीस यांचं 1952 सालचं ‘मोहिनी’चं मुखपृष्ठ आठवा: एकाच्या कपड्यांवर उंदीर, दुसऱ्याच्या कपड्यांवर मांजरं. शब्द एकही नाही. मांजर उंदराचं काय करतं हे माहीत असलेल्यालाच हसू येतं. ज्याला ते ठाऊक नाही त्याच्यासाठी ती नुसती छापील कापडं. विनोदाच्या पोटात एक माहिती बसलेली असते, ती अशी. याच फडणिसांची चित्रं सत्तरच्या दशकात बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत आली. आमच्या पिढीला त्याचं अप्रूप कळायला फार वर्षं लागली. गणिताच्या पुस्तकात हसायला परवानगी आहे, हे सरकारी छपाईने कबूल केलं होतं. बालभारतीचंच ‘किशोर’ मासिक 1971 पासून मुलांच्या हाती आहे; खेड्यातल्या शाळेत चित्रांचं एवढं मोठं भांडार दुसरं नसतं. मंगेश तेंडुलकर दिवाळीत पुण्याच्या चौकात उभे राहून वाहतुकीच्या नियमांची व्यंगचित्रं असलेली शुभेच्छापत्रं वाटायचे. तीही शाळाच, फक्त विद्यार्थी दुचाकीवर बसलेले.

पण ही सगळी मोठ्यांनी मुलांसाठी, किंवा मोठ्यांनी मोठ्यांसाठी काढलेली चित्रं. मुलांच्या हाती पेन द्यायची परंपरा वेगळी आहे, आणि तिचा एक धागा आपल्या खान्देशातून जातो. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत असताना साने गुरुजी छात्रालयातल्या मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत. रोज नवं, हाताने लिहिलेलं. आज आपण ज्याला भित्तीपत्रक म्हणतो आणि वर्षातून एकदा, तेही तपासणीच्या आदल्या दिवशी लावतो, ते तिथे रोजचं होतं.

व्यंगचित्रकार शंकर यांनी 1949 साली मुलांसाठी चित्रस्पर्धा सुरू केली, ती पुढे जगभरच्या मुलांची झाली. याच शंकरांचं याच 1949 सालचं एक व्यंगचित्र, राज्यघटनेचं काम गोगलगाईच्या गतीने चाललं आहे असं दाखवणारं, राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात घेतलं गेलं. गोगलगाईवर डॉ. आंबेडकर आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू. 2012 साली त्यावरून संसदेत गदारोळ झाला, पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, पुण्यात पळशीकरांच्या विद्यापीठातल्या कार्यालयाची मोडतोड झाली. मोडतोडीचं समर्थन नाहीच. पण ज्यांना ते चित्र लागलं त्यांचं लागणं खोटं होतं असंही मला म्हणता येत नाही. चाबूक हा काहींच्या घरात विनोदाचा विषय कधीच नव्हता. मला त्यातून वर्गापुरतं एवढंच दिसलं की व्यंगचित्र वाचायलाही शिकवावं लागतं, आणि ज्याने स्वतः चार काढली आहेत तो ते लवकर शिकतो. त्याच पुस्तकमालेत उन्नी-मुन्नी नावाची दोन पोरं होती, समासात उभी राहून आगाऊ प्रश्न विचारणारी. वादाच्या धुरळ्यात त्यांच्याबद्दल कोणी फारसं बोललं नाही. मला मात्र त्या पुस्तकांतलं सगळ्यात मोलाचं तेच वाटतं.

प्रश्न विचारणाऱ्या पोरांवरून आठवलं. इंग्लंडमध्ये ब्रेंडा किओ आणि स्टुअर्ट नेलर या दोघांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला विज्ञान शिकवण्यासाठी एक साधा प्रकार काढला. चित्रात तीन-चार मुलं एका गोष्टीकडे पाहत आहेत आणि प्रत्येकाच्या फुग्यात वेगळं मत. त्यांचं गाजलेलं चित्र बर्फाच्या माणसाचं: त्याला कोट घातला तर तो लवकर वितळेल की उशिरा? कोणाच्याही चेहऱ्यावर ‘मी बरोबर’ असं लिहिलेलं नसतं, त्यामुळे वर्गातल्या पोराला चुकीच्या बाजूने बोलायची लाज वाटत नाही. साक्रीत बर्फाचा माणूस कुठून आणणार? आम्ही बर्फाची लादी घेतली. उन्हाळ्यात गोळेवाला लादी गोणपाटात गुंडाळून ठेवतो. एक म्हणतो, गोणपाट उबदार, बर्फ वितळेल. दुसरा म्हणतो, गोणपाट थंड असतं. तिसरा म्हणतो, गोणपाट बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. निम्मा वर्ग दुसऱ्याच्या बाजूने होता. घोंगडी ऊब देते आणि गोणपाट थंडावा देतं, हे दोन वेगळे गुण नाहीत, हे कळायला त्यांना एक तास आणि दोन लाद्या लागल्या.

चित्र काढल्याने लक्षात राहतं का, याचा अभ्यासही झाला आहे. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात वाम्स, मीड आणि फर्नांडिस या संशोधकांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काहींना शब्द दिले, ते काही लिहायचे आणि काही चित्रात काढायचे. काढलेले शब्द लिहिलेल्यांपेक्षा जास्त आठवले. चित्र चांगलं की वाईट याने फरक पडला नाही, हे वाचून माझ्यासारख्या बीकरछाप माणसाला फार बरं वाटलं. पण यावर उड्या मारणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. ते प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर आणि सुट्या शब्दांवर होते. ‘सफरचंद’ आठवणं वेगळं आणि जलचक्र समजणं वेगळं. शिवाय चित्र चुकीचं असेल तर तेही तितकंच पक्कं बसतं. ढग हाकलणारा पंखा मी प्लगचा प्रश्न न विचारता भिंतीवर लावला असता, तर ती अफवा मीच शिकवली असती.

आता दातर्तीकडे येतो, कारण मला खरं बोलायचंय ते तिथलं.

दातर्ती हे आपल्याच तालुक्यातलं पांझरेकाठचं गाव. विश्वेश्वरय्या 1884 साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले, ते लवकरच खान्देशात, धुळ्याला आले. विशीतल्या या पोरसवदा इंजिनिअरकडे सुरुवातीच्या दिवसांतच काम आलं ते दातर्तीचं: पाटाचं पाणी नळाने नदीपलीकडे न्यायचं, म्हणजे सायफन बांधायचा. त्यांनी ते आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. पावसाळा तोंडावर, नदीला पूर. काम तूर्त थांबवावं असं त्यांनी वरिष्ठांना कळवलं, तर उलट खरडपट्टी निघाली. मग ते हट्टाने कामाला भिडले, पुरात अडकले आणि एकदा नदी पोहून पार करावी लागली. म्हैसूरचे दिवाण, भारतरत्न वगैरे फार नंतरचं. आपल्या पांझरेने त्यांना आधी गटांगळ्यांची भीती दाखवली.

हे मुलांना सांगितलं आणि म्हटलं, चार चौकटींत काढा. पूर, साहेबाचं पत्र, पोहणारा इंजिनिअर, या तीन चौकटी सगळ्यांना जमल्या. पत्रातून साहेबाचा हात बाहेर येऊन कान पिळतो आहे, असं एका मुलीने काढलं, ते मला कधीच सुचलं नसतं. अडलं चौथ्या चौकटीत. सायफन काढायचा कसा? बहुतेकांनी नळ नदीच्या वरून पुलासारखा नेला. काहींनी खालून नेला, पण पलीकडच्या काठाला पाणी आणून सोडलं आणि थांबले. पुढे? ‘पानी वर कसं चढी?’ असा प्रश्न एकाने चित्रातल्या बेडकाच्या तोंडी घातला. तोच प्रश्न होता. मग पारदर्शक नळी आणली, तिला इंग्रजी ‘यू’च्या आकारात धरलं, एका तोंडातून पाणी ओतलं. दुसऱ्या बाजूला पाणी आपसूक वर आलं. मात्र ओततो ते तोंड वर असेल तोवरच. अलीकडचा पाट उंच, पलीकडचा थोडा खाली. मधे पाणी कितीही खोल उतरलं तरी पलीकडे चढतं. घरी जाऊन त्यांनी चौथी चौकट पुन्हा काढली. एकाच्या चित्रात नदीच्या तळाखालून नळ जातो आहे आणि नळातलं पाणी वरच्या नदीला म्हणतंय, ‘काकू, जरा वाट द्या.’ समपातळीचा नियम याहून बरा मला लिहिता येणार नाही.

यासाठी सामान फार लागत नाही. पाठकोरा कागद, काळं पेन, एवढंच. पेन्सिल आणि खोडरबर मी देत नाही, कारण पोरं तासभर नाकच खोडत बसतात. कागद चार चौकटींचा. ‘वर्ल्ड कॉमिक्स’चे शरद शर्मा गावोगाव जे ग्रासरूट्स कॉमिक्स शिकवतात, तेही चार चौकटींचंच: दोन ए-फोर कागद जोडायचे, झेरॉक्स काढायच्या, भिंतीवर चिकटवायच्या. आमच्या शाळेत झेरॉक्स नाही म्हणून एकच प्रत निघते, ती फळ्याशेजारी लागते. फुग्यातली भाषा घरची. अहिराणी बोलणारं पोर अहिराणी लिहितं, कोकणी किंवा भिलोरी बोलणारं त्याची लिहितं, आणि प्रमाण मराठीत ज्याच्या तोंडून वर्षभर शब्द फुटत नाही तो फुग्यात भांडतो. तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातली आदिवासी मुलं वर्गात असतात, म्हणून एक नियम मात्र कडक आहे: माणसाच्या रंगावर, जातीवर, पोशाखावर विनोद नाही. पिसं खोचलेला, हाडूक हातात घेतलेला ‘आदिवासी’ पोरं कुठल्यातरी कार्टूनमधून उचलतात. ते चित्र शेजारच्या बाकावर बसलेल्या मुलाचं नाही, हे एकदा सांगावं लागतं. दुसऱ्यांदा सहसा लागत नाही.

हे सगळं कुठे मोजलं जात नाही. शासकीय रेखाकला परीक्षेत वस्तुचित्र आहे, स्मरणचित्र आहे, नक्षीकाम आहे. व्यंगचित्र नाही. विज्ञानाच्या पेपरात ‘आकृती काढा’ असतं, तिथे ढगाला पाय काढले की गुण जातात. एका पालकाने मला विचारलं होतं, ‘गुरुजी, या कार्ट्यांच्या कार्टूनने दहावीत किती टक्के वाढतील?’ मी म्हटलं, माहीत नाही. अजूनही माहीत नाही.

या वर्षी मी फड घेणार आहे. पांझरेवरच्या बंधाऱ्यांखाली चाललेली फड पद्धती तीनशेहून अधिक वर्षांची. लाभक्षेत्राचे फड पाडायचे, एका फडात एकच पीक, दर वर्षी पीक फिरवायचं. जवळपास प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात, त्यामुळे पाणी कमी पडलं आणि एखादा फड कोरडा ठेवला तरी तोटा सगळ्यांचा सारखा. पाणी शेतकऱ्याने स्वतः घ्यायचं नाही. पाटकऱ्याने द्यायचं, जागल्याने राखायचं, हवालदाराने सगळ्यांवर नजर ठेवायची. यात किती भांडणं, किती रात्रीची जागरणं, किती चोरून फोडलेले पाट असतील! व्यंगचित्राला याहून चांगला विषय साक्रीत दुसरा नाही. पण पुस्तकात फड दोन ओळींत उरकतो, आणि पोरांना काढायला हवी ती माहिती त्या दोन ओळींत नाही. पाटाचं दार कशाचं असायचं? रात्री पाणी कोणाच्या शेतात गेलं हे जागल्याला कसं कळायचं? हवालदाराला धान्य किती मिळायचं?

म्हणून ज्यांच्या घरी ही कामं केलेलं एखादं म्हातारं माणूस असेल, त्यांनी त्याला एक दिवस आमच्या वर्गात घेऊन यावं. शनिवारी सकाळची शाळा असते. चहा आम्ही करू, चित्रं पोरं काढतील, आणि पाट चुकीच्या बाजूने वाहत असेल तर ओरडायचं काम बाबांनी करावं.