सेबास्तिआँव साल्गादो : माणसांकडून मातीकडे

चर्चगेट स्थानकाचं १९९५ सालचं एक कृष्णधवल छायाचित्र जगभर गाजलं. दोन्ही बाजूंना लोकल निश्चल उभ्या, आणि मधल्या फलाटावरून वाहणारा माणसांचा लोंढा. शटर अधिक वेळ उघडं ठेवल्यामुळे त्या गर्दीतले चेहरे विरघळून गेले आहेत. ते टिपणारे सेबास्तिआँव साल्गादो ब्राझीलचे, जन्म १९४४चा आणि शिक्षणाने अर्थतज्ज्ञ. लष्करी राजवटीमुळे १९६९मध्ये ते पत्नी लेलिया यांच्यासह फ्रान्सला गेले. लेलियांनी वास्तुकलेच्या अभ्यासासाठी घेतलेला कॅमेरा साल्गादोंच्या हाती आला आणि १९७३मध्ये छायाचित्रणासाठी त्यांनी आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेतली नोकरी सोडली.

१९८४-८५च्या भीषण दुष्काळात त्यांनी आफ्रिकेच्या साहेल प्रदेशातली उपासमार टिपली. १९८६मध्ये ते ब्राझीलमधल्या सेरा पेलादा या सोन्याच्या खाणीत उतरले. यंत्रं जवळपास नव्हतीच. चिखलाने माखलेले हजारो मजूर पाठीवर मातीची पोती घेऊन लाकडी शिड्यांवरून वर चढत होते. ही छायाचित्रं पाहताना आजही श्वास अडकतो. पुढे धनबादचे कोळसा कामगार आणि १९९१मध्ये कुवेतच्या पेटलेल्या तेलविहिरी विझवणारे कामगार त्यांच्या ‘वर्कर्स’ या पुस्तकात आले. साल्गादो दुःखाला देखणं करतात, असा आरोप त्यांच्यावर झाला. मला तो पटत नाही. त्यांच्या चौकटीतला उपाशी माणूसही ताठ मानेने उभा असतो, आणि हीच त्यांची खरी कमाई आहे.

रवांडातला नरसंहार टिपताना मात्र ते मनाने आणि शरीराने खचले. कॅमेरा बाजूला ठेवून ते वडिलांच्या शेतावर परतले, तर तिथलं जंगल नाहीसं झालेलं, माती वाहून गेलेली. तिथे पुन्हा जंगल उभं करायचं लेलियांनी सुचवलं. १९९८मध्ये दोघांनी ‘इन्स्टिट्यूटो टेरा’ ही संस्था काढली आणि अटलांटिक जंगलातल्या स्थानिक जातींची वीस लाखांहून अधिक झाडं लावली गेली. आटलेले झरे वाहू लागले, पक्षी-प्राणी परतले. त्यातूनच उमेद मिळून त्यांनी पृथ्वीच्या अस्पर्शित भागांवर आठ वर्षं काम केलं. ते ‘जेनेसिस’ या पुस्तकातून २०१३मध्ये आलं.

२३ मे २०२५ रोजी पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं. छायापत्रकारिता शिकणाऱ्यांनी ‘वर्कर्स’ आणि ‘जेनेसिस’ ही दोन्ही पुस्तकं मिळवून याच क्रमाने, एकापाठोपाठ पाहावीत.