कचेरीतल्या पंख्याचा हिशोब

सरकारी कचेरीतला जुना पंखा साधारण 75 वॅट वीज घेतो. तेवढाच वारा देणारा बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरचा) पंखा 30 वॅटच्या आसपास भागवतो. दिवसाला 8 तास, वर्षाला 250 दिवस धरले तर एका पंख्यामागे 90 युनिट वाचतात. 200 पंख्यांच्या इमारतीत 18,000 युनिट, तेही दरवर्षी.

मग हे पंखे आधीच का बदलले जात नाहीत? खरी अडचण खरेदीच्या पद्धतीत आहे. निविदा सर्वांत कमी किमतीला मिळते, वीजबिल मात्र वेगळ्या लेखाशीर्षातून भरलं जातं. स्वस्त पंखा पुढची दहा वर्षं किती वीज खाईल, हे किमतीत कुठेच दिसत नाही. खरेदी करताना किंमत आणि आयुष्यभराचं बिल एकत्र मोजायलाच हवं, असं मला ठामपणे वाटतं.

पैसे नसतील तरी वाट आहे. केंद्राच्या सार्वजनिक कंपन्यांनी उभारलेल्या ईईएसएलसारखी संस्था आधी स्वतः खर्च करते आणि वाचलेल्या बिलातून तो वसूल करते. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागाने 2017मध्ये तिच्याशी तसा करारही केला.

काही गोष्टींना तर खर्चच लागत नाही. एसी 20 ऐवजी 24 अंशांवर ठेवा. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या मते प्रत्येक अंशामागे सुमारे 6 टक्के वीज वाचते. आणि बिलावरची ‘कॉन्ट्रॅक्ट डिमांड’, म्हणजे वीज कंपनीशी ठरवलेली कमाल मागणी, तपासा: गरजेपेक्षा जास्त असेल, तर न वापरलेल्या क्षमतेचेही पैसे जात असतात.