रंगापूर्वी भिंतीची प्रकृती पाहा

पावसाळा ओसरू लागला, की पुण्यातील अनेक घरांत एकच बेत ठरतो. भिंतींचे पोपडे खरवडायचे, पुट्टी भरायची, रंगाचे दोन हात द्यायचे आणि दिवाळीपूर्वी ओलीचे डाग एकदाचे झाकून टाकायचे. आपल्याही घरी असा बेत चालू असेल, तर त्याआधी एका वैद्यकीय चुकीची हकिगत ऐकावी. चूक माझीच आहे.

सदाशिव पेठेतील एका जुन्या वाड्यात राहणाऱ्या, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या एक आजी दम्यासाठी माझ्याकडे येत असत. एका वर्षी पावसाळा लागताच त्यांचा खोकला रात्री बळावू लागला. मी औषधे बदलली, इनहेलरची मात्रा वाढवली. परंतु ‘आपण कोठे निजता?’ एवढा साधा प्रश्न मात्र विचारला नाही. दिवाळीच्या तोंडावर घरच्यांनी हौसेने त्यांची खोली रंगवायला घेतली. आजींचा मुक्काम शेजारच्या खोलीत, मध्ये केवळ एक पडदा. तीन दिवस भिंती कोरड्याच खरवडल्या गेल्या आणि चौथ्या रात्री आजींना धाप लागून रुग्णालयात हलवावे लागले. त्या बऱ्या होऊन परतल्यावर मी प्रथमच त्यांच्या घरी गेलो. पलंगामागच्या नव्या रंगातून काळसर बुरशी पुन्हा डोकावत होती.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी यांविषयी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. दमट घरांत खोकला, घरघर आणि दमा यांचे प्रमाण अधिक आढळते, हे तिचे सार. वृद्ध, मधुमेही, तसेच स्टेरॉइड वा कर्करोगावरील औषधे घेणारे रुग्ण यांनी तर अशा भिंतीपासून विशेष जपावे.

आधी पाणी शोधा

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांत शिरलेले पाणी साऱ्या शहराने पाहिले. आज घरात मुरणारे पाणी असे दिसत नाही. ते गच्चीच्या भेगेतून, वरच्या मजल्यावरील न्हाणीघरातून, फुटक्या पन्हळीतून किंवा जोत्याखालून निमूटपणे येते. ही वाट बंद केल्याखेरीज दिलेला रंग म्हणजे ज्वराचे कारण न शोधता दिलेली तापाची गोळी.

ओल कोठली, हे पाहण्याचा एक सोपा उपाय आहे. हातभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवावा. कागदाच्या आतल्या बाजूस पाणी साचले, तर ओल भिंतीतूनच येत आहे. बाहेरच्या बाजूस साचले, तर खोलीत हवा खेळत नाही, असे समजावे. भिंतीवर पांढरी, खारट भुकटी, म्हणजेच लोणा, दिसत असल्यास ती कोरड्या ब्रशने झाडून काढावी. पाण्याने धुतल्यास क्षार पुन्हा आत मुरतात. भेग आढळल्यास तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. भेग वाढत असेल, तर रंगाऱ्याऐवजी इमारतींच्या अभियंत्याला बोलवावे.

मग भिंत तयार करा

भिंतीवर बोटांनी ठोकून पाहावे. पोकळ आवाज येईल तेथील गिलावा सुटलेला असतो. तो काढून नवा करावा. जुन्या वाड्यांच्या माती-चुन्याच्या भिंतींवर सिमेंटचा थर देऊ नये. तो आतली ओल कोंडून ठेवतो. तेथे चुन्याचाच गिलावा हवा. सिमेंटच्या नव्या गिलाव्यावर निदान सात दिवस पाणी मारावे लागते आणि त्यानंतर तो वाळण्यास साधारण चार आठवडे द्यावे लागतात. पुट्टी, प्रायमर आणि रंग यांची पाळी त्यानंतरची. पाऊस सरल्यापासून दिवाळीपर्यंत एवढा अवकाश बहुधा मिळत नाही. म्हणून गळती पावसाळ्यात हेरावी आणि भिंतींचे काम मार्च ते मे या कोरड्या महिन्यांत काढावे. यंदाच्या दिवाळीला भिंत डागाळलेली राहिली, तरी चालेल.

खरवडण्यापूर्वी त्या खोलीतील वीज बंद करून पृष्ठभाग पाण्याने भिजवावा, म्हणजे धूळ उडत नाही. जुने दरवाजे, खिडक्या आणि तैलरंगाचे पट्टे यांबाबत अधिक सावध असावे. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांतील शिसे दहा लाख भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारा नियम देशात लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगांत ते कितीतरी अधिक असू शकते. ही धूळ नातवंडांच्या मेंदूस आणि आजोबांच्या रक्तदाबास सारखीच घातक. असा रंग कोरडा घासू नये, जाळूही नये. बुरशी धुताना ब्लीचिंग पावडर आणि अॅसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

घरातील माणूस सांभाळा

काम एका वेळी एकाच खोलीत करावे. ज्येष्ठांना शक्य तर दोन-चार दिवस मुलीकडे किंवा भावाकडे पाठवावे; मात्र स्मृतिभ्रंश असलेल्यांना नव्या जागी गोंधळायला होते, त्यांना घरातच दूरच्या खोलीत ठेवावे. दार बंद असावे, दाराखालच्या फटीत ओले फडके घालावे. सामान हलवताना चष्मा, काठी, औषधांचा डबा आणि इनहेलर हाताशी ठेवावीत, न्हाणीघराची वाट मोकळी ठेवावी आणि रात्री दिवा लावावा. रंगकामात पडून मांडीचे हाड मोडलेले रुग्णही मी पाहिले आहेत. ज्येष्ठांनी स्टुलावर चढू नये, हे सांगणे न लगे. रंग झाल्यावर वास जाईपर्यंत खिडक्या उघड्या ठेवाव्यात. बोलताना वाक्य पुरे होत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

त्या आजींच्या न्हाणीघराची गळती पुढच्या उन्हाळ्यात दुरुस्त झाली, भिंत महिनाभर उघडी वाळली आणि मगच रंग लागला. त्या पावसाळ्यात त्यांच्या इनहेलरची मात्रा मला वाढवावी लागली नाही. तेव्हापासून खोकल्याच्या प्रत्येक वृद्ध रुग्णाला मी एक प्रश्न आवर्जून विचारतो. आज आपणही घरातील ज्येष्ठांचा पलंग थोडा पुढे ओढून त्यामागची भिंत पाहावी.