बिचारा नव्हे, विचारा

‘बिचारा’ हा शब्द आपण मराठीत इतक्या सहजपणे वापरतो, की तो फारसीतून आला आहे हे ध्यानातही येत नाही. ‘बे’ म्हणजे विना आणि ‘चारा’ म्हणजे इलाज, उपाय. गुरांच्या चाऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. ज्याच्यापाशी उपाय उरला नाही, तो बेचारा. ‘लाचार’ हा त्याचाच भाऊबंद. आमच्या घरात उर्दू आणि मराठी शेजारीशेजारी नांदल्या, त्यामुळे शब्दांची अशी कुळं शोधायची मला खोडच आहे. या शब्दातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तो माणसाच्या हातापायांविषयी, डोळ्यांविषयी काहीच सांगत नाही. उपाय नाही, एवढंच सांगतो. म्हणजे उपाय सापडला, की हा शब्द गळून पडायला हवा.

साहसी खेळ आणि दिव्यांग माणसं यांची गोष्ट निघाली, की आपल्या तोंडून एक तर ‘बिचारा’ निघतं, नाहीतर ‘केवढी ही जिद्द!’ जिद्द असतेच. पण नुसत्या जिद्दीवर धडधाकट माणूसही कडा चढत नाही. त्यालाही दोर लागतो, बूट लागतात, वाटाड्या लागतो. प्रश्न इतकाच, की ही सगळी सामग्री कुणाला नजरेसमोर ठेवून तयार झाली?

पुण्याचे दिव्यांशु गणात्रा यांची दृष्टी काचबिंदूमुळे वयाच्या एकोणिसाव्या वर्षी गेली. २०१४ मध्ये ते एकट्याने पॅराग्लायडिंग करणारे पहिले भारतीय अंध ठरले. हे कसं शक्य होतं? वारा गालाला कळतो. डोक्यावरच्या कापडी पंखाची ओढ दोऱ्यांतून आणि पट्ट्यांतून अंगाला कळते. जमीन किती जवळ आली, हे सांगायला मात्र कुणीतरी लागतं. तिथे वॉकीटॉकीवरून प्रशिक्षकाचा आवाज कानात येतो : थोडं डावीकडे, आता सरळ, आता ब्रेक ओढा. गंमत अशी, की डोळस नवशिक्यालाही असाच आवाज सोबत देत असतो. रेडिओवर बोलणाऱ्या माझ्यासारख्याला याचं अप्रूप वाटणारच!

अमेरिकेचे अंध गिर्यारोहक एरिक वायहेनमायर यांनी २००१ मध्ये एव्हरेस्ट सर केलं. पुढे चालणाऱ्या सोबत्याच्या सामानाला बांधलेली घंटी ऐकत ते पाऊल टाकतात. घंटीची किंमत ती काय! पण ती बांधायचं कुणाला तरी सुचावं लागतं.

जिथे पाय साथ देत नाहीत, तिथे चाक साथ देतं. पॅराग्लायडिंगला उड्डाणापूर्वी धावावं लागतं. ज्याला धावता येत नाही, त्याच्यासाठी चाकांची बैठक निघाली आहे. फ्रान्समधल्या जोएल क्लोदेल या वाटाड्याने १९८७ मध्ये स्नायूंचा आजार असलेल्या आपल्या पुतण्यासाठी एका चाकाची खुर्ची बनवली. एक सोबती पुढे, एक मागे, आणि अरुंद पायवाटेवर खुर्ची चालू लागते. तिला ‘जोएलेट’ म्हणतात. पाण्याखाली तर चाकही नको, कारण शरीराचा भार पाणीच उचलतं. पाय न हलणारा पाणबुड्या पडदे असलेले हातमोजे घालून हातांनी पुढे सरकतो. आणि तिथे सगळेच खुणांनी बोलत असल्याने खाणाखुणांची भाषा येणारा कर्णबधिर माणूस इतरांपेक्षा अधिक बोलका ठरतो. अपंगत्व जितकं शरीरात असतं, तितकंच ते जागेतही असतं, हे समुद्रच आपल्याला शिकवतो.

आता आपल्या मनातला खरा प्रश्न : काही झालं म्हणजे? ही काळजी खोटी नाही. पण काळजीची बंदी व्हायला वेळ लागत नाही. २०१७ च्या अखेरीस नेपाळ सरकारने दोन्ही पाय गमावलेल्या आणि अंध गिर्यारोहकांना एव्हरेस्टची वाट बंद करणारा नियम केला. कारण सांगितलं सुरक्षिततेचं. २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो रोखला. अफगाणिस्तानात दोन्ही पाय गुडघ्यांच्या वर गमावलेले माजी गुरखा सैनिक हरी बुढा मगर १९ मे २०२३ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले. नियम टिकला असता, तर त्यांना हिमाने नव्हे, कागदाने अडवलं असतं.

याचा अर्थ कुणालाही कुठेही ढकलून द्यावं, असा नाही. मणक्याला इजा झालेल्या माणसाला पायांची संवेदना नसेल, तर पट्टा काचला तरी त्याला कळत नाही. तिथे मऊ गादी हवी आणि दर थोड्या वेळाने त्वचा तपासायला हवी. हे डॉक्टरांना विचारायचं, प्रशिक्षकाला विचारायचं आणि सर्वांत आधी त्या माणसालाच विचारायचं. सगळी माहिती दिल्यावर तो ‘नको’ म्हणाला, तर तोही त्याचा हक्क. धोका समजून घेऊन पत्करणं हे मोठ्या माणसाचं लक्षण आहे. एखाद्याचा हा हक्क काढून घेतला, की आपण त्याला आयुष्यभर लहान मूल करून ठेवतो.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं तिसावं कलम खेळांविषयी आहे. खेळांच्या सोयी दिव्यांगांना वापरता येतील अशा नव्याने घडवाव्यात, असं ते सरकारला सांगतं. लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या पॅरालिम्पिकमध्ये भिंत चढण्याचा खेळ प्रथमच असणार आहे. दारं किलकिली होत आहेत.

पण आपल्या दाराचं काय? घरातला एखादा मुलगा कुबड्या टेकत म्हणाला, ‘मलाही गडावर यायचंय,’ तर आपण त्याच्यासाठी खाऊ आणायचं कबूल करतो आणि निघून जातो. प्रेमच असतं ते. तरीही पुढच्या वेळी निघण्यापूर्वी त्याच्याजवळ बसा. कुठवर यायचं, कशाने यायचं, कुणाच्या सोबतीने, सगळं त्यालाच विचारा. उपायाची सुरुवात तिथून होते.