दाखल्यापाशी अडलेले पैसे

माणसांची तस्करी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कामाठीपुरा येतो. माझ्यासमोर कोळशाची भट्टी येते. रायगडातल्या कातकरी वाड्यांवर मी विधी सेवा प्राधिकरणाची स्वयंसेविका म्हणून लोकांचे अर्ज लिहून देते. भर पावसात घरात दाणा नसतो, तेव्हा मुकादम उचल देऊन जातो. दिवाळी झाली की टेम्पो येतो आणि पोराबाळांसकट, कोंबड्यांसकट घरच उचलून नेतो. हिशेबाची वही त्याच्याकडे. "ताई, फिटली असंल ना आता?" बायका विचारतात. फिटलेली मी तरी पाहिली नाही.

कायद्यात काही कमी नाही. १९७६च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने असं कर्ज रद्दच ठरवलंय, आणि ते वेठीचं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी सावकारावर टाकलीय. भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ गुलामगिरीसाठी माणूस नेणं हीही तस्करी मानतं.

पैसेही आहेत. २०१६च्या केंद्रीय योजनेत पुनर्वसनासाठी पुरुषाला १ लाख, बाई किंवा मुलाला २ लाख, आणि कुंटणखान्यातून किंवा तस्करीतून सोडवलेल्या बाई-मुलाला ३ लाख रुपये आहेत. २०२०मध्ये निर्भया निधीतून १०० कोटी मिळाले, जिल्ह्याजिल्ह्यांतल्या अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षांसाठी. पण हे कक्ष लॉजवर नजर ठेवतात, भट्टीकडे फारसे वळत नाहीत, असं माझं मत.

खरी गोम पुढे आहे. मोठी रक्कम मिळायला मुक्तीचा दाखला लागतो आणि मालकावरचा खटला निकाली निघावा लागतो. प्रांतांना असा खटला झटपट चालवायचा अधिकार आहे. तरी तारखा पडत राहतात. कधी 'हा मजुरीचा वाद आहे' असा शेरा मारून फाईल कामगार खात्याकडे ढकलली जाते, मग दाखलाच निघत नाही. सुटलेलं कुटुंब तोवर खाणार काय? पुन्हा उचल घेतं, बहुतेकदा दुसऱ्या मुकादमाकडून.

तात्काळ मदत मात्र निकालावर अवलंबून नाही. ती आधी २०,००० होती, २०२२पासून ३०,००० रुपयांपर्यंत मिळते. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे किमान १० लाखांचा कायम निधी असावा, असं योजनेतच लिहिलंय. हे पुष्कळ कार्यालयांत आठवण करून द्यावं लागतं. म्हणून सुटका झाली की माझा पहिला अर्ज याच मदतीचा असतो, घरटी नव्हे, माणशी वेगळा. आणि पोच घेताना शिक्क्याखाली तारीख घातल्याशिवाय मी टेबल सोडत नाही.