बी.एड., पण विशेष

उज्जैनचं देवास गेट म्हणजे आधी बसस्टँड. इंदूर, देवास, भोपाळच्या गाड्या, कंडक्टरांच्या आरोळ्या, हाकेच्या अंतरावर रेल्वे स्टेशन. या गर्दीला लागूनच माधव महाविद्यालय आहे, माधवराव शिंद्यांच्या नावाचं. ग्वाल्हेरच्या मराठी घरातले आणि हिंदीत नावाजलेले प्रभाकर माचवे इथं शिकवत असत. 1957 साली विक्रम विद्यापीठ निघालं आणि माळव्यातल्या कितीतरी मराठी घरांत पदवीची पहिली गुंडाळी या विद्यापीठाच्या शिक्क्यानं आली. एक प्राध्यापक, एक फळा, समोर बाकांवर वर्गभर मुलं, ही त्या शिक्षणाची रीत. विशेष शिक्षणाचं बी.एड. या रीतीत कोंबायला गेलं की त्यातलं मुख्य तेच बाहेर राहतं.

या पदवीला मालक तीन. प्रमाणपत्र विद्यापीठ देतं. अभ्यासक्रम आणि मान्यता दिल्लीच्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या हातात. आणि मुलं, ज्यांच्यावाचून सगळं कोरडं, ती असतात एखाद्या संस्थेच्या लहानशा विशेष शाळेत. परिषदेचा कायदा 1992 चा, अंमल 1993 पासून. पदवी मिळाली म्हणून काम सुरू करता येत नाही. परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव लागावं लागतं. शिक्षकांच्या बोलण्यात त्याला सरळ ‘सीआरआर नंबर’ म्हणतात, आणि नोकरीच्या मुलाखतीत गुणपत्रिकेआधी तोच विचारला जातो. नोंदणीशिवाय हा व्यवसाय केला तर वर्षापर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाचा आकडा वाचून कोणी दचकेल असं वाटत नाही.

साध्या बी.एड.ला मराठी, गणित, इतिहास असे विषय निवडतात. इथं निवड अपंगत्वाच्या प्रकाराची: श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता. ती प्रवेशाच्या वेळीच करावी लागते, आणि बहुतेकांनी तोवर असं एखादंच मूल जवळून पाहिलेलं असतं, तेही घरातलं. मुंबईत पर्याय बरे आहेत. श्री. ना. दा. ठा. महिला विद्यापीठाच्या जुहूच्या आवारात विशेष शिक्षणाचा स्वतंत्र विभाग आहे. श्रवणदोषासाठी वांद्र्याला 1983 साली निघालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. माळव्यातल्या मुलीला मात्र बरेचदा भोपाळकडे बघावं लागलं. 1991 च्या कायद्यानं उभं राहिलेलं मध्य प्रदेश भोज मुक्त विद्यापीठ आणि पुनर्वास परिषद यांनी 2000 सालाच्या सुमारास दूरशिक्षणातून हे बी.एड. चालवलं. घर, संसार, नोकरी सांभाळणाऱ्यांना हा रस्ता मानवला. पुढे इतर राज्यांच्या मुक्त विद्यापीठांतही तो आला. नियमित अभ्यासक्रम दोन वर्षांचा, दूरशिक्षणाचा अडीच वर्षांचा.

पण दूरशिक्षण हा शब्द इथं पुरता लागू पडत नाही. पुस्तकं पोस्टानं येतील. मूल पोस्टानं येत नाही. खरा अभ्यास शाळेत मुलासमोर बसल्यावर सुरू होतो.

आधी मूल्यमापन. बौद्धिक अक्षमता घेतलेल्या विद्यार्थिनीच्या हातात एफएसीपी नावाची तपासयादी येते. सिकंदराबादच्या याच विषयाच्या राष्ट्रीय संस्थेनं भारतीय शाळांसाठी तयार केलेली ही यादी पूर्वप्राथमिकपासून व्यवसायपूर्व पातळीपर्यंत चढत जाते. मूल स्वतःहून करतं तिथं अधिक. तोंडी सांगावं लागलं तर वेगळी खूण, हात धरून करवून घ्यावं लागलं तर वेगळी, तशी संधीच कधी मिळाली नसेल तर आणखी वेगळी. गुण फक्त ‘अधिक’ला. पण शिक्षिकेच्या कामाचं सगळं उरलेल्या खुणांत असतं. ‘येत नाही’ आणि ‘कधी करू दिलंच नाही’ या दोन रकान्यांतला फरक घरच्यांपुढे मांडणं हे मोठं नाजूक काम आहे, आणि ते कुठल्याही प्रश्नपत्रिकेत येत नाही. सामाजिक प्रगल्भता मोजायची व्हाइनलँड मापनी परदेशी खरी, पण ती भारतीय मुलांसाठी बेतली ए. जे. मालिन यांनी, नागपुरात बसून. आजही प्रशिक्षणात ती ‘मालिनची’ म्हणूनच येते.

मग ध्येय ठरवायचं, एका मुलाचं, तीन महिन्यांचं. ‘स्वावलंबी होईल’ असं लिहिलेली वही चांगली मार्गदर्शिका परत करते. काय करेल, कुठे, किती मदतीनं आणि पाचातल्या किती वेळा, हे लिहावं लागतं. शर्टाचं बटण लावणं घ्या. आपण एका झटक्यात करतो ते इथं पायऱ्यांत मोडतात: काजाची कड धरणं, बटण उभं करणं, अर्धं आत सारणं, हात बदलणं, पलीकडून ओढणं. शिकवताना बरेचदा शेवटच्या पायरीपासून सुरुवात. आधीचं सगळं शिक्षिका करते, ओढण्याचं तेवढं मूल करतं. काम पुरं झाल्याचा आनंद त्याला पहिल्याच दिवशी मिळतो. मग पायरी पायरीनं मागे सरकायचं. माझ्या मते अख्ख्या अभ्यासक्रमातली सगळ्यात शहाणी युक्ती हीच, आणि साध्या शाळांनीही ती उचलायला हवी.

मोठ्या मुलांसाठी वर्ग अपुरा पडतो. देवास गेटसारखा स्टँड हा त्यांचा खरा वर्ग. फलकावरचं ‘इंदौर’ ओळखणं, तिकिटाचे पैसे काढून उरलेले मोजून घेणं, गाडी चुकली तर गर्दीत कुणाला विचारायचं. चित्रातल्या बसवर हे सगळं येणारं मूल खऱ्या स्टँडवर गोंधळतं, म्हणून सरावही तिथंच व्हावा लागतो. घरी मराठी आणि शाळेत हिंदी असलेल्या मुलाचं आणखी एक: आई ‘डावीकडे’ म्हणणार, शिक्षिका ‘बाईं ओर’. पहिल्या सूचना कुठल्या भाषेत द्यायच्या हे दोघींनी मिळून ठरवलेलं बरं. नाहीतर मूल गप्प बसतं आणि यादीत उगाच उणे पडतं.

नोकरीचं चित्र मात्र अजून विस्कटलेलं. 2016 च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले. सर्वोच्च न्यायालयानं 28 ऑक्टोबर 2021 ला रजनीश कुमार पांडे खटल्यात विशेष शिक्षकांच्या प्रमाणाचा प्रश्न निकाली काढायला सांगितलं, आणि 2022 मध्ये केंद्रानं अधिसूचना काढली: प्राथमिकला दहा अपंग मुलांमागे एक, वरच्या वर्गांना पंधरामागे एक. मार्च 2025 मध्ये त्याच न्यायालयाला राज्यांना पुन्हा सांगावं लागलं की पदं मंजूर करा, जाहिराती काढा. तोवर कंत्राटी शिक्षिका या शाळेतून त्या शाळेत फिरते, आणि दर पाच वर्षांनी नोंदणी टिकवायला कार्यशाळांचे गुण गोळा करते.

म्हणून या पदवीला जाऊ पाहणाऱ्या मुलीनं विद्यापीठाचं नाव जरूर बघावं, परिषदेच्या संकेतस्थळावर त्या केंद्राची त्याच प्रकारासाठीची मान्यता त्या वर्षी चालू आहे का हेही तपासावं. पण अर्ज भरण्याआधी एक दिवस त्यांच्या सरावाच्या शाळेत जाऊन बसावं. मुलं किती आहेत, एका मुलाची वही मागितली तर दाखवतात का, आणि वहीत मागच्या महिन्याची नोंद आहे का, एवढं बघितलं तरी केंद्राची परीक्षा होते.