जुनी छायाचित्रे आणि रंगांच्या पायऱ्या

स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांच्या घरांतून जुनी समूहछायाचित्रे बाहेर येतात. बरीचशी फिकट, पिवळसर झालेली असतात; निगेटिव्ह बहुधा कुणाकडेच उरलेली नसते. असे छायाचित्र स्कॅन करताना संगणक ‘२४ बिट’ की ‘४८ बिट’ असे विचारतो. तेथील निवड नंतर सुधारता येत नाही, म्हणून तिचा अर्थ समजून घेणे इष्ट.

चित्रातील प्रत्येक बिंदू लाल, हिरव्या व निळ्या रंगांच्या मोजमापाने नोंदला जातो. २४ बिटमध्ये प्रत्येक रंगास ८ बिट, म्हणजे २५६ पायऱ्या मिळतात. ४८ बिटमध्ये प्रत्येकी १६ बिट, म्हणजे ६५,५३६. केवळ पाहण्यासाठी २५६ पायऱ्या पुरेशा आहेत. प्रश्न येतो तो दुरुस्तीच्या वेळी.

फिकट चित्रात खरा काळा वा शुभ्र रंग उरलेला नसतो. समजा, सारे चित्र २५६ पैकी मधल्या ६४ पायऱ्यांतच सामावले आहे. उठाव आणण्यासाठी त्या कितीही ताणल्या, तरी ६४च राहतात आणि मधे फटी पडतात. मग गालावरील सावलीचा मऊ उतार तुटून पट्टे दिसू लागतात. १६ बिटमध्ये त्याच भागाला १६,३८४ पायऱ्या असतात. स्कॅनरच्या मर्यादेमुळे त्या सगळ्याच उपयोगी पडत नाहीत हे खरे. तरीही ताणण्यास पुरेसा वाव राहतो.

८ बिटची फाइल मागाहून १६ बिट केल्याने हरवलेल्या छटा परत येत नाहीत. जेपेग ८ बिटचेच असते. त्यामुळे मोबाइलने टिपून व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत ओळख पटवण्यापुरतीच ठीक.

कृष्णधवल छायाचित्रही रंगीत, ४८ बिटमध्येच स्कॅन करावे. पिवळेपणा निळ्या रंगाच्या नोंदीत सर्वाधिक उतरतो, म्हणून तो वेगळा काढणे सोपे जाते. ६ × ४ इंचांचे चित्र ६०० डीपीआयला २४ बिटमध्ये सुमारे २६ एमबी, तर ४८ बिटमध्ये ५२ एमबी होते. आजच्या काळात ही जागा फार नव्हे.

छपाईसाठी मात्र हा आग्रह नको. छापखाना चार शाईंच्या बारीक ठिपक्यांनी चित्र उभे करतो. कागदावर ८ आणि १६ बिटमधला फरक सहसा दिसत नाही. दुरुस्ती पूर्ण झाल्यावर ८ बिटची प्रत छापखान्यास द्यावी, आणि १६ बिटचे मूळ स्कॅन टिफ स्वरूपात, हात न लावता, दोन ठिकाणी जपावे.